गांडूळ फ्लाय: बेळगावात बांधायची, तीर्थनमध्ये टाकायची

मलप्रभाकाठ

फ्लाय म्हणजे गळावर सूत, पीस, केस बांधून केलेलं खोटं आमिष. ट्राउट या गार पाण्यातल्या माशासाठी बांधतात त्या फ्लायांमध्ये सगळ्यांत सोपी कुठली, असं कोणी विचारलं तर मी गांडुळाची सांगतो. एक गळ, दोन इंच शेनील (मखमली, केसाळ सूत), लाल दोरा आणि लायटर. पीस नको, केस नकोत, मणी असला तर असला. इतकी सोपी असल्यामुळे पुष्कळ जुनी जाणती मंडळी तिच्याकडे वळून बघत नाहीत. मला तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण नदीच्या तळाशी पाणी कसं चालतं हे मला दुसऱ्या कुठल्याच फ्लायनं इतकं नीट दाखवलेलं नाही.

आपल्या बेळगावकडे ट्राउट नाही, हे आधीच सांगून टाकतो. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० अंशांच्या वर गेलं की त्याचं खाणं सुटतं आणि पुढे जीवावर बेततं. मलप्रभा कणकुंबीच्या जंगलात उगम पावते खरी, पण खानापूरला येईपर्यंत ती उन्हाळ्यात कोमट होते. हिडकलचा जलाशय कितीही खोल असला तरी तिथं ट्राउटचं काम नाही. आपल्या देशात हा मासा बाहेरून आणला गेला. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास, कुलूच्या खोऱ्यात १९०९ मध्ये. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरात. मी जातो ते हिमाचलच्या तीर्थन नदीवर. गोवा एक्स्प्रेस बेळगावातून थेट निजामुद्दीनला पोचवते, पुढे कुलूच्या बसनं औटला उतरायचं आणि बंजारची वाट धरायची.

ही फ्लाय मूळची अमेरिकेतली. न्यू मेक्सिकोतल्या सॅन व्हान नदीवर १९६२ मध्ये नवाहो धरण पुरं झालं. धरणाच्या खोल थरातलं गार पाणी बारमाही खाली येऊ लागलं, तिथं ट्राउट वाढला आणि तळाच्या गाळात बारीक लालसर किड्यांची पैदास झाली. मासे तेच खातात हे गळवाल्यांच्या ध्यानात आलं आणि नदीच्या नावानंच ही फ्लाय ओळखली जाऊ लागली.

आता बांधणी.

गळ १० किंवा १२ नंबरचा घ्या. नंबर वाढेल तसा गळ बारीक होतो. दांडा जरा वाकलेला असेल तर उत्तम, सरळ असला तरी अडत नाही. टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं सुरुवातीलाच दाबून टाका. गळ मोडायचा असेल तर तो तेव्हाच मोडू दे, फ्लाय बांधून झाल्यावर नको.

लाल दोरा गळाच्या डोळ्यामागून सुरू करून वाकापर्यंत एकाला एक लागून वेढे देत न्या. वाकाशी शेनील दांड्यावर ठेवा आणि चार-पाच घट्ट वेढ्यांनी बांधा. मागे दांड्याएवढी शेपटी मोकळी सोडा. मग पुढचा भाग वर उचलून धरा, दोरा नुसत्या दांड्यावरून डोळ्याच्या जरा अलीकडे आणा, शेनील खाली घेऊन दांड्यावर बसवा आणि तिथं पुन्हा चार-पाच वेढे. पुढेही तेवढीच शेपटी. डोळ्याजवळ थोडी जागा रिकामी ठेवा, नाहीतर नदीवर गार पडलेल्या बोटांनी तंगूस (गळाला बांधायचा बारीक नायलॉन) ओवता येत नाही. शेवटची गाठ मारून तिच्यावर नेलपॉलिशचा एक थेंब.

राहिलं टोकांचं काम. लायटरची ज्योत टोकाच्या बाजूनं, न टेकवता, क्षणभर न्या. टोक आकसून निमुळतं होतं आणि शेनील उसवत नाही. ज्योतीच्या थेट वर धरलं तर टोकाला काळी गाठ धरते. दोऱ्याचे वेढे त्या वेळी बोटांत झाकून घ्या.

संपलं. शिकाऊ माणसाचीही पाच मिनिटांत होते.

रंगाचं म्हणाल तर स्वच्छ पाण्यात मी गडद लाल, वाइनकडे झुकणारा वापरतो, पाणी गढूळ असेल तर गुलाबी आणि पाऊस होऊन गेल्यावर मातकट तपकिरी. रंगावर वाद घालणारे घालोत. माझ्या अनुभवात रंगापेक्षा खोली मोठी, आणि खोलीपेक्षाही मोठा वेग. टाकण्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, हा लांबला.

उद्यमबाग_टर्नर

छान सुरुवात. गळ धरायचा व्हाइस बाहेरून मागवायला फार पैसे पडतात, म्हणून आमच्या शॉपमध्ये जे केलं ते इथं देतो.

जबडे ईएन ८ या मऊ पोलादाचे करू नका. फ्लायचा गळ कडक तारेचा असतो, मऊ जबड्यात त्याची खाच पडते आणि मग गळ डुलायला लागतो. ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद घेऊन हार्डनिंग करून घ्या. टोक निमुळतं ठेवा म्हणजे बोटांना जागा मिळते. एवढं करायचं नसेल तर चांगल्या पिन व्हाइसचा (बारीक ड्रिल धरायच्या हत्याराचा) कोलेट, म्हणजे आवळणारं तोंड, लहान गळाला पुरतो, तो टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं बसवायचा.

दोऱ्याची नळी फ्रिज दुरुस्तीवाल्याकडच्या तांब्याच्या कॅपिलरीतून होते. तिची दोन्ही तोंडं बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करणं फार गरजेचं. धार राहिली तर दोरा नेमका शेवटच्या वेढ्याला तुटतो. सायकलची तार वाकवून तिच्यात रीळ अडकवा, झाला बॉबिन होल्डर.

वजनासाठी मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली इनॅमल तार सगळ्यांत सोयीची. ३४ गेज म्हणजे साधारण ०.२३ मिलिमीटर. तुम्ही शेनीलखाली तिचे वेढे देता का?

मलप्रभाकाठ

वा, ही माहिती सोन्यासारखी आहे. हो, शेनील बसवण्याआधी दांड्याच्या मधल्या भागावर तारेचे वेढे देतो. पण त्या बारीक तांब्यानं फार वजन येत नाही. फ्लाय पाण्यात लगेच शिरते एवढाच फायदा. तळापर्यंत न्यायला वरच्या तंगुसावर छर्रा, म्हणजे दाबून बसवायचं छोटं गोल वजन, लावावाच लागतो, किंवा दांड्याच्या मधोमध टंगस्टनचा मणी ओवावा लागतो.

हिडकल_गळवाला

राग मानू नका, पण खरं दानवं, म्हंजे गांडूळ, मिळत असताना हे सुताचं दानवं कशाला ओ? आम्ही घटप्रभेच्या बाजूला ल्हानपणापासनं शेणखताच्या उकिरड्यातली दानवी काढून गळाला लावतोय. शिंगाळा काय, वाम काय, चिलापी काय, सगळं लागतंय. ट्राउट तर दानवं बघून उडीच मारंल की.

मलप्रभाकाठ

राग कसला, अगदी रास्त प्रश्न आहे.

खरं गांडूळ ट्राउट आवडीनं खातो, त्यात वाद नाही. अडचण पुढे येते. खऱ्या गांडुळाला चव आणि वास असतो, मासा ते गिळतो आणि गळ घशात किंवा त्याच्याही आत जाऊन रुततो. असा मासा सोडून दिला तरी पुष्कळदा मरतो. सुताची फ्लाय तोंडात घेतल्या घेतल्या माशाला ती खोटी आहे हे कळतं आणि तो थुंकतो, म्हणून गळ बहुतेक वेळा ओठाच्या कडेला लागतो. काटा दाबलेला असेल तर पाण्यातच चिमट्यानं सुटतो. मला तो मासा परत नदीत हवा असतो. ट्राउट डोंगरातल्या गार पाण्यात हळू वाढतो, नदी लहान असते, ती लवकर रिकामी होते.

दुसरं कारण नियमांचं. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यासाठी मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, तो विणीचा काळ. कुठल्या पट्ट्यात कुठलं आमिष चालतं हे परवाना घेतानाच विचारून घ्यायचं.

तुम्ही घरी खाण्यासाठी हिडकलला धरता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. खाण्यासाठी धरणं आणि सोडण्यासाठी धरणं यांची साधनं वेगळी असतात, इतकंच.

शहापूरची_मागवाली

मी फ्लाय कधी बांधली नाही, पण सूत ओळखते. आमच्या घरात माग आहेत.

शेनील म्हणजे दोन आधाराच्या दोऱ्यांमध्ये आडवे तुकडे धरून पीळ दिलेलं सूत. पीळ सैल असला की आडवे तुकडे गळतात. विणकामाच्या दुकानात जी जाडी मऊ शेनील मिळते ती बहुतेक अशीच असते. तुमच्या कामाला बारीक, गच्च पिळाची हवी. नखानं उलट्या बाजूला खरवडून बघा, बोटावर केस आले तर घेऊ नका.

टोक जाळून निमुळतं करायचं असेल तर सूत कशाचं आहे ते आधी तपासा. तुकडा जाळल्यावर कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटात चुरगळणारी राख झाली तर ते सुती किंवा रेयॉन. तसलं टोक बंद होत नाही, उलट उसवत जातं. वितळून कडक दाणा झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. ते तुम्हाला चालेल. पण जपून, तो वितळलेला दाणा बोटाला चिकटला तर कातडी घेऊन निघतो.

सुती शेनीलच हाताशी असेल तर टोकाला पातळ डिंक, म्हणजे पाण्यात न विरघळणारा, फेव्हिकॉल नव्हे, लावून बोटांनी पीळ देऊन वाळवा.

आणि ते हस्तकलेच्या दुकानातले पाइप क्लीनर कोणी घेऊ नका. त्यांच्या आत लोखंडी तार असते, ती गंजते आणि ते वळवळणारही नाहीत.

मलप्रभाकाठ

ताई, जाळून बघायची ही चाचणी मी आजपासूनच वापरणार. मनापासून आभार.

आता टाकण्याबद्दल. धाग्यातलं हेच मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे.

गांडुळाला पोहता येत नाही. प्रवाहात पडलं की ते वळवळतं, आकसतं, लांबतं, पण जातं पाणी नेईल तिकडेच. त्यामुळे तुमची फ्लाय पाण्याच्या पुढे पळाली किंवा आडवी सरकली तर ट्राउटला ते खाणं वाटत नाही. लहानपणापासून त्यानं आडवं पोहणारं गांडूळ पाहिलेलंच नसतं.

आता तळाशी काय होतं ते बघा. नदीच्या पृष्ठभागावर पाणी जोरात असतं. तळाशी ते दगडगोट्यांशी घासून मंदावतं. ट्राउट त्या मंद थरात बसतो, कारण तिथं त्याला कमी ताकद लागते. तुमची फ्लाय त्या मंद थरात आहे, पण दोरी वरच्या जलद पाण्यावर पसरली आहे. म्हणजे दोरी फ्लायला सतत पुढे ओढणार. सगळी करामत ही ओढ काढून टाकण्यात आहे.

माझी मांडणी अशी: नऊ फुटी काठी, ४ किंवा ५ वजनाच्या दोरीसाठीची (दोरीच्या जडपणाचे हे नंबर). शेवटची तंगूस ४एक्स, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर. फ्लायच्या वर वीतभर अंतरावर एक छोटा छर्रा. इंग्लंडच्या मापात ४ नंबरचा छर्रा ०.२ ग्रॅमचा आणि बीबी ०.४ ग्रॅमचा असतो. गुडघाभर पाण्यात पहिला पुरतो, कमरेएवढ्या जोरकस पाण्यात दुसराही कमी पडतो. छर्रा शिशाचा नको, कथलाचा किंवा टंगस्टनचा घ्या. पाणपक्षी शिसं गिळून मरतात, म्हणून ब्रिटननं १९८७ मध्येच बहुतेक मापांच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. वरच्या बाजूला छोटी तरंडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर.

प्रवाहाच्या वरच्या दिशेला, जरा तिरकं टाका. फ्लाय पडताच दोरीचा पोटासारखा फुगलेला भाग काठीच्या टोकानं उचलून वरच्या अंगाला उलटवा. मग तरंडीकडे आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या फेसाच्या बुडबुड्यांकडे एकाच वेळी बघा.

तरंडी बुडबुड्यांच्याच वेगानं चालली असेल तर फ्लाय तळाला पोचलेली नाही. बुडबुड्यांच्या पुढे पळत असेल तर दोरी तिला ओढते आहे. ती बुडबुड्यांपेक्षा जराशी मागे पडत, मधूनमधून दचकत चालली पाहिजे. दचकते म्हणजे छर्रा दगडाला लागतो आहे. अशी चाल साधली की फ्लाय माशाच्या समोरून त्याच्याच थरातून जाते, आणि मग गुलाबी की लाल याला फार अर्थ उरत नाही.

झटका बसेल याची वाट बघू नका. तरंडी थांबली, तिरकी झाली, किंचित दबली तरी काठी उचला. दहातले बरेच दगड निघतील. उचलत राहा.

कुठं टाकायची? जलद आणि मंद पाणी जिथं शेजारीशेजारी वाहतं त्या रेषेवर, मोठ्या धोंड्याच्या पुढे आणि मागे, आणि खळाळ संपून डोह सुरू होतो त्या ओठावर. पावसानंतर पाणी चढत असताना नाही, उतरायला लागून निवळत असताना. काठाची माती धुपून आत आलेली गांडुळं तेव्हा प्रवाहात असतात आणि माशांना दिसतातही.

जीवशास्त्र_बेळगाव

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून दोन मुद्द्यांची भर घालावीशी वाटते.

पहिला रंगाचा. तळाच्या गाळात राहणाऱ्या ट्युबिफेक्ससारख्या किड्यांचा लाल रंग त्यांच्या रक्तातल्या, हिमोग्लोबिनच्या जातीच्या रंगद्रव्यामुळे असतो. गाळात प्राणवायू कमी, तो धरून ठेवायला हे द्रव्य कामी येतं. कायरोनोमस नावाच्या चिलटांच्या अळ्याही याच कारणानं लाल असतात. मत्स्यालयवाले ज्याला ब्लडवर्म म्हणतात ती ही अळी, ते गांडूळ नव्हे. म्हणजे ट्राउटच्या जगात लाल, बारीक, वळवळणारं खाणं बारमाही असतं. पाऊस पडो न पडो, ही फ्लाय चालायचं कारण हेच असावं.

दुसरा मुद्दा गांडुळांचा. पावसात ती बुडून मरायच्या भीतीनं वर येतात असं सर्रास सांगितलं जातं. पण ती कातडीनं श्वास घेतात आणि प्राणवायू असलेल्या पाण्यात कित्येक दिवस जगू शकतात. ओल्या जमिनीवरून कातडी न सुकता लांब जाता येतं, हेही वर येण्याचं एक कारण मानतात. मासेमारीच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की नदीत वाहून आलेलं गांडूळ जिवंत असतं, हालचाल करत असतं. त्यामुळे मलप्रभाकाठ यांनी दोन्हीकडे मोकळी शेपटी ठेवायला सांगितली ते योग्यच आहे. ती आखूड केली तर नुसती लाल काडी उरते.

एक विनंती. ट्युबिफेक्सच्याच शरीरात ट्राउटच्या एका घातक रोगाचा परजीवी वाढतो. लागण झालेलं पिल्लू स्वतःभोवती गिरक्या घेत राहतं. भारतातल्या नद्यांबद्दल मी इथं काही विधान करत नाही, पण एका नदीचा चिखल बुटांना लावून दुसऱ्या नदीत उतरू नका. बूट धुवा, पूर्ण वाळवा, मग पुढे जा.

निपाणीकर

वेदगंगेवर ही फ्लाय मरळीला चालंल काय?

मलप्रभाकाठ

मरळीला ही फ्लाय लहान पडते. मरळ साठलेल्या, गवताळ पाण्यात दबा धरते आणि हलत्या सावजावर झेपावते. बेडूक, छोटा मासा. तिला मोठी, ओढून चालवायची फ्लाय लागते. गांडूळ फ्लायचं सगळं बळ वाहत्या पाण्यात आहे.

आपल्या नद्यांत चिलापी हिला हमखास तोंड लावते. वाहत्या पाण्यात लहान खवल्याही लागतात. त्यांच्यासाठी १४ नंबरचा गळ आणि आखूड शेनील.

मरळीबद्दल एक कळकळीचं सांगणं. पावसाळ्यात पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात. त्या वेळी त्यांच्यावर गळ टाकू नका. आईबाप गेले की घोळका बाकीच्या माशांच्या पोटात जातो.

निपाणीकर

पटलं. आमच्यात बरेच जण नेमके तेव्हाच टाकत्यात, कारण ती चिडून लगेच लागती. सांगून बघतो.

रानवाटा

मलप्रभाकाठ, सराव तुम्ही कुठं करता? आणि जलद पाण्यात उतरण्याबद्दलही लिहा. नवीन मुलं वाचतील आणि नुसती काठी घेऊन निघतील.

मलप्रभाकाठ

सराव खानापूरच्या आसपास मलप्रभेवर, पाऊस सरून पाणी निवळलं की. असोग्याच्या बाजूला, देवळापासून लांब, गोट्यांचा गुडघाभर पाण्याचा पट्टा आहे. तिथं तरंडी आणि बुडबुडे यांचा खेळ तीर्थनइतकाच स्पष्ट दिसतो. मासा लागला नाही तरी बिघडत नाही. पाण्याचा वेग इथंही तळाशी मंदावतो आणि दोरीला ओढ इथंही लागते. हात इथं तयार झाला तर तिकडचा परवान्याचा दिवस शिकण्यात जात नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र जाऊ नका, तिथं मासेमारी चालत नाही. तलाव आणि धरणांच्या पाण्यात मासेमारीचे ठेके असतात, ठेकेदाराला विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

जलद पाण्याचं तुम्ही आठवण करून दिलीत ते फार बरं केलंत. डोंगरी नदीत गुडघ्याच्या वर उतरू नका. बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं, सकाळी ओलांडलेली जागा संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही. धरणाच्या खालच्या पट्ट्यात तर पाणी केव्हाही सुटतं. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणाचं पाणी सुटलं आणि बियास नदीत उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तीर्थन याच लारजीपाशी संपते. भोंगा वाजो न वाजो, पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं वाहायला लागली, पायाखालचा दगड बुडला, की त्याच क्षणी बाहेर. फ्लाय अडकलेली असेल तर तोडून द्या.

तीच गोष्ट इथलीही. पावसाळ्यात हिडकलचे दरवाजे उघडले की घटप्रभेच्या पात्रात कोणी थांबू नये.

हिडकल_गळवाला

हे मात्र खरं बोललासा. आमच्या गावात जनावरं गेलीत पाण्यात. मी ती लाल फ्लाय एक बांधून बघितली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतलो. चिलापी दोन लागली, दोन्ही ओठालाच. तुम्ही सांगितल्यागत गळ लगेच निघाला. पण छर्रा दगडात सारखा अडकतोय, त्याला काय करायचं?

मलप्रभाकाठ

अरे वा! फार आनंद झाला.

छर्रा मुख्य तंगुसावर लावू नका. फ्लायच्या वर वीतभर जिथं दोन तंगुसांची गाठ येते तिथं एका टोकाची बोटभर शेपटी न कापता ठेवा, शेवटाला साधी गाठ मारा आणि छर्रा त्या शेपटीवर हलकासा दाबा. दगडात अडकला तर ओढल्यावर छर्रा घसरून निघतो आणि फ्लाय वाचते. तरीही सारखा अडकत असेल तर वजन जास्त आहे. एक पायरी हलका लावा. आठ-दहा टाकण्यांत एखाद्या वेळी तळ लागला पाहिजे, प्रत्येक टाकणीला नव्हे.

आणि तुटलेली तंगूस काठावर सोडू नका, खिशात घाला. बगळ्यांच्या पायात गुंतते.

जांबोटीचा_पोरगा

दादा, मी बारावीला आहे. माझ्याकडे रीळ नाही, ती महागाची काठी पण नाही. आमच्याकडे वेळू भरपूर आहे. वेळूच्या काठीनं ही फ्लाय टाकता येईल का? की त्याला फ्लायची मासेमारी म्हणत नाहीत?

मलप्रभाकाठ

बाळा, नक्की टाकता येईल, आणि या फ्लायसाठी तर उत्तमच. जपानच्या डोंगरी नद्यांवर तेनकारा नावाची पद्धत शेकडो वर्षं चालत आली आहे. लांब काठी, टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची दोरी, रीळ नाहीच. तिकडचे लोक तिनंच ट्राउटच्या भाईबंदांना पकडत आले. त्या काठ्याही पूर्वी वेळूच्याच असत.

तिचा फायदा समजून घे. काठी लांब असली की दोरी पाण्यावर पसरतच नाही, ती हवेत उचलून धरता येते. पाण्यात जातो तो फक्त शेवटचा तंगूस. म्हणजे वरच्या जलद पाण्याला ओढायला काही उरत नाही. मी वर जे दोरी उलटवायचं सांगितलं, त्याची तुला गरजच पडणार नाही.

अकरा-बारा फुटांचा, शेंड्याकडे निमुळता, सरळ वेळू बघ. हिरवा असेल तर सावलीत आडवा ठेवून सावकाश वाळव, उन्हात उभा टेकवलास तर वाकेल. टोकाला दोऱ्याचा छोटा फास पक्का बांध. दोरी काठीएवढीच लांब ठेव. त्यातली शेवटची चार फूट बारीक तंगूस, वरची जाड आणि उठून दिसणाऱ्या रंगाची. तरंडी लावायची गरज नाही. त्या रंगीत दोरीचं टोक पाण्यात जिथं शिरतं तिथंच नजर ठेव. ते थांबलं की काठी उचल. काठीत रीळ नाही, तेव्हा मोठा मासा लागला तर काठी उंच धरून त्याच्याबरोबर काठानं चालायचं, ओढाताण करायची नाही.

फ्लायची मासेमारी म्हणतात की नाही, याची काळजी करू नकोस. खोट्या गांडुळानं माशाची नजर फसवायची आणि पाण्याचा वेग ओळखायचा, एवढं केलंस म्हणजे झालं.

उद्यमबाग_टर्नर

पोरा, टोकाला दोऱ्याऐवजी पितळेची छोटी टोपी बसवायची असेल तर वेळूच्या शेंड्याचा व्यास इथं टाक. शॉपमध्ये उरलेल्या तुकड्यातून काढून देतो.

जांबोटीचा_पोरगा

काका, वेळू अजून तोडलेला नाही. मोजून सांगतो. शेनील कुठली घ्यायची?

शहापूरची_मागवाली

घेऊ नकोस, माझ्याकडे गच्च पिळाची मरून आणि गुलाबी शिल्लक आहे, जाळून तपासलेली. दोन्हींचे हातभर तुकडे टर्नर भाऊंकडे पोचवते, टोपीबरोबर घेऊन जा.

मलप्रभाकाठ

मग १२ आणि १४ नंबरचे गळ माझ्याकडून. ते मी काटा दाबूनच देईन.